साडूंच्या तराजूत गाडी

पुऱ्या नांदेडात आमच्या थोरल्या साडूएवढा विचार करून पाय टाकणारा माणूस न्हाई. चप्पल घ्यायला गेले तर एक पाय आज घालून बघतेत आन् दुसरा उद्या. मी त्यांच्या उलटा. दुसरीतच मास्तरनं माझ्या बापाला सांगितलं, "ह्याला कायबी शिकवा, पर डोकं लागंल असलं काय नगं." म्हणून मी जीप चालवतो.

साडूंचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, डाळी-फुटाण्याचं दुकान हाय. ह्या साली त्यांच्या डोक्यात बॅटरीवरची कार शिरली. मंग काय, तराजूच्या एका पारड्यात फायदे म्हणून तुरीची डाळ, दुसऱ्यात तोटे म्हणून फुटाणे. डिझेल लागत न्हाई? टाक मूठभर डाळ. वाटंत चार्जिंग न्हाई सापडलं तर? टाक मूठभर फुटाणे. लातूरला कुणीतरी तसली गाडी घेतली असं कळलं, तर एसटीनं लातूरला गेले आन् गाडीवाल्याला सोडून त्याच्या बायकोला इचारून आले, "ताई, गाडी आल्यापासून ह्यांची चिडचिड वाढली का कमी झाली?" ती म्हणली, कमी झाली. आल्या आल्या पसाभर डाळ! एकदा तर गडबडीत गिऱ्हाइकाला फायदेच विकून टाकले. पुन्हा पहिल्यापासून तोलणं आलं.

इकडं माझा जीव टांगणीला. कारण दर पंधरवड्याला आमी दोघं साडू माझ्या जीपमधी बिलोलीला सासूबाईकडं जायचो. आमच्या बायका एकमेकींच्या सख्ख्या बहिणी, पर जीपमधी कंबर धरती म्हणून यायच्या न्हाईत. साडू बाजूला बसून रस्ताभर, "ही जीप हाय का मळणीयंत्र?" ते ऐकल्याबिगर मला गिअरच पडत न्हाई. त्यांची गाडी आली की मला कोण इचारतंय? म्हणून रोज दुकानात जाऊन तोट्याच्या बाजूनं बोलत राहिलो. "दादा, गोदावरीच्या पुलावर बंद पडली तर?" "दादा, पावसात करंट बसला तर?" साडू मुठी टाकत राहिले. पर माझं तोंड चाललं की हातबी चालतो. एक दिस साडू उठले आन् हात जोडले, "डाळीचं पारडं खाली गेलं. महादेवाचा कौल! घ्यायची गाडी." बघतो तर समदे तोटे माझ्या पोटात!

गाडी आली. मऊ गादी, धक्का न्हाई. पहिल्याच फेरीला दोघी बहिणी आन् लेकरं बसली, मला जागाच उरली न्हाई. माझीच बायको काचंतून मला टाटा करून गेली.

संध्याकाळी साडू माझ्या दारात. तोंड उतरलेलं.

"काय झालं दादा? बॅटरी उतरली?"

"न्हाई रे. सासूबाईला कळलंच न्हाई आमी आलो ते. त्यांना दिसत न्हाई नीट. तुझ्या मळणीयंत्राचा आवाज वेशीपासून आला की त्या उठून बसायच्या, चहा टाकायच्या. आज दारात उभं राहून हाका मारल्या, तर दचकल्या. म्हणल्या, 'धाकटा न्हाई आला का?'" मंग म्हणले, "हा तोटा मी तोललाच न्हाई."

"तोलला असता तरी मी खाल्ला असता, दादा."

आता दर पंधरवड्याला पुढं माझी जीप खडखडती आन् मागून साडूंची गाडी मांजरावानी येती. वेशीपाशी मी मुद्दाम जोरात रेस करतो. घरी पोचावं तर चहा उकळलेला. साडू निघतानी माझ्या बाजूच्या सीटवर फुटाण्याची पुडी ठेवतेत, "खा, आता कायबी तोलायचं न्हाई." खातो. पर बाजूला शिव्या द्यायला कुणी नसलं की रस्ता लई लांब वाटतो बघा.