कड्यातला ठिपका

"रिंग एन्हान्सिंग लिजन," असं म्हणत सर्जननी माझी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. म्हणजे मेंदूत एक डाग आहे आणि शिरेतून औषध दिल्यावर त्याची कड कड्यासारखी उजळते. हा अर्थ मला आता माहीत आहे. त्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं, "ट्यूमर हो सकता है, टीबी हो सकता है. बायोप्सी करनी पड़ेगी."

बाबांनी जागा विचारली. सर्जननी स्वतःच्या कपाळाच्या डाव्या बाजूला बोट लावलं. "यहाँ से थोड़ा पीछे. बोलने का एरिया पास में है, रिस्क तो रहेगा."

बायोप्सी म्हणजे कवटीला भोक पाडून त्या डागाचा तुकडा तपासायला काढायचा. त्यात माझी वाचा जाऊ शकत होती. शुक्रवार ठरला.

घरी आल्यावर दादा वातावरण हलकं करायला म्हणाला, "तसंही तू बोलतेस किती? सकाळी दोन शब्द, संध्याकाळी दोन." कोणी हसलं नाही. माझं तर डोकंच फिरलं, कारण सगळा उशीर नेमका त्यामुळेच झाला होता. दीड-दोन महिने मधूनच माझे शब्द अडकत होते. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, नई सडकेच्या बाजारात दुकानदारासमोर उभी राहायचे, वस्तू डोळ्यांसमोर असायची, नाव तोंडातून बाहेर यायचं नाही. उजव्या हाताची बोटं आपोआप हलायची. दुकानदार म्हणायचा, "शरमाओ मत बेटी." घरचेही तेच समजले. मी गप्प असण्यात नवीन काय?

मग चुलत बहिणीच्या साखरपुड्यात मला सगळ्यांदेखत फिटचा झटका आला. शुद्धीवर आले तेव्हा आत्या माझ्या नाकाशी कोणाची तरी चप्पल धरून बसली होती. तुमच्या घरी असं झालं तर चप्पल-कांदा काही करू नका. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि डॉक्टरांना सांगता यावं म्हणून वेळ बघून ठेवा.

ट्यूमर आहे हे ठरलं कसं, तेही सांगते. सर्जननी त्या फिल्मचा मोबाइलवर फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर दिल्लीच्या आपल्या सरांना पाठवला. सरांचं उत्तर आलं, "Looks like tumour. Go ahead." माझ्या मेंदूचे शेकडो बारीक काप मशिनमध्ये होते. त्यातले थोडेसे फिल्मवर छापलेले, त्या फिल्मचा फोटो आणि तोही व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेला. एवढ्यावर माझी कवटी उघडणार होते. मी कोणालाच काही बोलले नाही. सवयच नव्हती.

बोलल्या त्या न्यूरॉलॉजीच्या निवासी डॉक्टर, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. बायोप्सीआधीच्या तपासण्यांसाठी मी वॉर्डात दाखल झाले होते; राउंडनंतर त्या परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मशीन पर मुझे रिंग के अंदर एक डॉट लगा. हमारे डिपार्टमेंट के सर बोले कि आर्टिफॅक्ट है." आर्टिफॅक्ट म्हणजे मशिनमुळे चित्रात आलेला दोष. तो ठिपका खरा असेल तर ते स्कोलेक्स असतं, म्हणजे पट्टकृमीच्या अळीचं डोकं. मग आजाराचं नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस, आणि त्याला बहुतेकदा गोळ्या पुरतात. पण खात्री करायला ते सगळे काप मूळ रूपात कोणा जाणत्याला दाखवायला हवे होते.

आणि इथून ती चीड आणणारी गोष्ट सुरू होते. आमच्या हॉस्पिटलला तशी सोय आहे! देशभरातली मेडिकल कॉलेजं आणि संशोधन संस्था एकमेकांना जोडणारी अतिवेगवान लाइन इथे आलेली आहे. ती पुढे परदेशांतल्या अशाच जाळ्यांना जोडलेली आहे. फक्त ती येते रस्त्यापलीकडच्या कॉलेजच्या सेमिनार हॉलपर्यंत. हॉलबाहेर उद्घाटनाचा संगमरवरी फलक आहे. एमआरआय मशीन रस्त्याच्या अलीकडे. मधे केबल टाकायची राहून गेली आहे.

हॉस्पिटलच्या साध्या इंटरनेटवरून फाइल अर्ध्यात तुटायची. रेडिऑलॉजीवाल्यांनी सीडी दिली, तर ती वाचेल असा कॉम्प्युटर कोणाकडेच नाही. शेवटी डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हार्ड डिस्कवर सगळं उतरवून घेतलं. मंगळवारी आम्ही रस्ता ओलांडून गेलो तर हॉलमध्ये वक्तृत्व स्पर्धा. बुधवारी दुपारी कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते बाबू शहरातल्याच हजीरा भागात लग्नाला गेलेले. बाबा, जे कधी आवाज चढवत नाहीत, ते म्हणाले, "अहो, हे नेटवर्क आहे की देवघर? सोवळ्यात ठेवलंय नुसतं!"

डॉक्टरबाईंनी त्या बाबूंना फोन करून करून लग्नातून उठवून आणलं. फाइल चढवायला घेतली आणि मी पाण्याची बाटली भरून परत येते तोवर ती दक्षिणेतल्या एका संस्थेत पोचलीसुद्धा. त्या संस्थेत दर आठवड्याला अवघड केसेसवर चर्चा होते, त्यात वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर भाग घेतात. त्याच संध्याकाळी माझी केस घेतली.

हॉलमध्ये एमबीबीएसची मुलं भरलेली. सर्जनही आले होते, हाताची घडी घालून. मी आणि बाबा शेवटच्या रांगेत. पडद्यावर भिंतीएवढा माझा मेंदू. तिकडचे प्रोफेसर एकेक काप पुढे सरकवत होते. चित्र कुठे अडखळत नव्हतं, फुटत नव्हतं. पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूच्या लिमा शहरातून एक वयस्क डॉक्टरबाई बघत होत्या. तिकडे सकाळ होती. त्यांच्या देशात हा आजार खूप, त्यांचं अख्खं आयुष्य त्यातच गेलेलं.

"Stop. Go back one," त्या म्हणाल्या.

कड्याच्या आत, एका बाजूला, हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका. पुढच्या रांगेतली एक मुलगी उत्साहानं ओरडली, "मॅम, दिख गया!" बाकीची मुलं उभी राहून बघायला लागली. पुस्तकात शिकले असतील, तसा स्वच्छ त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला असणार. सर्जननी हाताची घडी सोडली आणि पडद्याजवळ गेले. बराच वेळ बघून म्हणाले, "फोटो में तो ये था ही नहीं."

लिमाच्या बाईंनी विचारलं, पेशंट तिथे आहे का, तिला काही विचारायचं आहे का? सगळा हॉल मागे वळला. एरवी मी मान खाली घातली असती. त्या दिवशी उभी राहिले आणि इंग्रजीत विचारलं, माझं बोलणं शाबूत राहील ना?

त्या म्हणाल्या, त्या भागाला कोणी हातही लावायची गरज नाही. गोळ्या घे, वेळेवर घे, झटक्यांचं औषध मनानं बंद करू नकोस.

बाबा शेजारी रुमालात नाक शिंकरत होते.

मी बरी झाले. नंतरच्या एमआरआयमध्ये कडं विरत गेलेलं दिसलं. अशा वळणावर कोणी उभं असेल तर एवढंच सांगते: तज्ज्ञांचं मत घ्याल तेव्हा त्यांना मूळ चित्रं पाठवली की मोबाइलचा फोटो, हे जरूर विचारा. लाजू नका, डॉक्टर खात नाहीत. त्या निवासी डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, लिमाच्या बाईंचेही नाही. त्या लाइनचेही आहेत, पण अजून रस्त्याच्या अलीकडे ती आलेली नाही, म्हणून कृतज्ञता वाटता वाटता मला पुन्हा चीड येते.

बायोप्सी व्हायची होती त्या शुक्रवारी मी घरी होते. हा किडा डुकराच्या मांसातून पसरतो असं कुठूनसं ऐकून आत्या सकाळीच आली. "आपल्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही आणि डुकराचा किडा? कुठे काय खाऊन आलीस?" मी तिला समजावलं की मांस न खाणाऱ्यालाही हा होतो. पोटात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात, मातीत जातात आणि न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, हातांवरून आपल्या तोंडात. तिला पटेना. बाहेरची चाटच कारणीभूत, म्हणाली. मी म्हटलं, तू मुळा नुसता पदराला पुसून किसतेस. ती म्हणाली, साठ वर्षं तसाच खाल्लाय आम्ही. मग मी अशी सुरू झाले की थांबेचना. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, हळू! शेजारी ऐकतायत!"

मी आवाज जराही कमी केला नाही.