युसुफच्या हातावरचं दही

काल नात नोकरीसाठी बंगळुरूला निघाली. तिच्या तळहातावर दही घातलं आणि त्या आंबूस वासासरशी मला युसुफ आठवला.

तीस वर्षांपूर्वी तो नारायण पेठेत आमच्याकडे भाड्याने राहायचा, कॉम्प्युटर शिकायचा. त्याच्या देशातल्या सरकारशी त्याचं काही वाकडं आहे, एवढं कानावर होतं. मी ते मनावर घेतलं नव्हतं. एका सकाळी दोन पोलीस त्याला न्यायला आले. व्हिसा संपला होता. आता विमानात बसवून त्याला मायदेशी धाडणार होते.

मी खुळी, मला आनंदच झाला. "अरे, घरी चाललास! आई वाट बघत असेल," म्हणत दह्याची वाटी घेऊन धावले. निघालेला माणूस सुखरूप राहावा म्हणून आपण दही देतोच. पोलीसही त्यासाठी थांबले.

युसुफने हात पुढे केला. तो हात इतक्या जवळून मी कधी पाहिलाच नव्हता. दोन बोटांना नखं नव्हती.

"हे रे काय?"

"मागच्या वेळी तिकडे पकडलं होतं, काकू. तेव्हाचं," तो हळूच म्हणाला आणि त्याने दही चाटलं.

पोलिसांना अडवावं, कुणाला तरी फोन करावा, काही सुचलं नाही. सवयीने तोंडातून निघालं, "पोचलास की पत्र टाक हं."

पत्र आलं नाही.

"आजी, हात सोड ना, कॅब आलीये," नात म्हणाली. मी तिची नखं बघत होते.