कोऱ्या हातांची पाळी

नोकरीतली बहुतेक प्रकरणे मी ठाण्यातच ठेवून निवृत्त झालो. हे एक मात्र माझ्याबरोबर घरी आले.

नवा फौजदारी कायदा नुकताच लागू झाला होता. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुपारी बंदोबस्तावरून परतलो तर ठाणे अंमलदार ओल्या फडक्याने टेबलाची कड घासत होता.

"काय सांडलं?"

"सांडलं न्हाई साहेब. त्या बाईनं हात टेकला. निघंनाच झालाय रंग."

लाकडावर चार बोटांचे गुलाबी ठसे होते. समोरच्या बाकावर केदारखेड्याकडची, चाळिशीची एक बाई बसली होती. हात कोपरापर्यंत गुलाबी आणि उजवे मनगट सुजून टम्म झालेले. महिला कॉन्स्टेबलने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने घेतला नाही. नुसती मान वर केली.

"वरून ओता ताई. हाताला औषध हाय."

ती एका बियाणे कंपनीच्या शेडमध्ये कंत्राटावर कामाला होती. बियाण्याला कीडनाशक आणि रंग लावला की ते पसरायचे, निवडायचे आणि पाकिटात भरायचे, असे तिचे काम. मॅनेजरने ढकलले आणि आपण यंत्राच्या लोखंडी पायावर आदळलो, असे ती सांगत होती.

अडचण अशी की मॅनेजर तिच्या आधीच ठाण्यात येऊन गेला होता. बाई कामचुकार आहे, बोललो म्हणून अंगावर आली, दोन्ही हातांनी कॉलर धरून फाडली आणि झटापटीत स्वतःच पडली, अशी त्याची तक्रार. पुरावा म्हणून फाटका पांढरा शर्ट त्याने पिशवीतून आणून दिला होता. अंमलदाराने दोन्हीकडून अदखलपात्र नोंद करून प्रकरण मिटवायचे मनात धरले होते. ठाण्यातली ही जुनी खोड आहे. दोघांना सारखेच दोषी धरले की कुणाचाच तपास करावा लागत नाही.

जखमेच्या तपासणीसाठी डॉक्टरांच्या नावे मेडिकल यादी देऊन मी बाईला जिल्हा रुग्णालयात पाठवले. एक्स-रेमध्ये मनगटाचे हाड मोडलेले निघाले. मोडलेले हाड म्हणजे गंभीर दुखापत. आता गुन्हा दखलपात्र झाला आणि मी तो दाखल केला. पण हाड ढकलल्यामुळे मोडले की तिच्याच चुकीने, हे ठरायचे होते.

कंपनीचा माणूस तडजोडीला आला. "साहेब, घरातलंच भांडण हाय. दोघांनी मागं घ्यावं. बाईचं काम जात न्हाई, आमचा शब्द."

बाईला मी तिचे मार्ग समजावून सांगितले. गुन्हा दाखल आहेच, तो कोर्टात जाईल. कामावरून काढले तर त्याची दाद कामगार अधिकाऱ्याकडे वेगळी मागता येते. एकासाठी दुसरे सोडावे लागत नाही. पोलिसांनी दाद दिली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते, तिथेही नाही झाले तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. आणि कोर्टाच्या परवानगीने तडजोड करायची तर तोही तिचा हक्क.

"मागं घेतलं तर लोक काय म्हणतील साहेब?"

"दोघांचीही चूक होती म्हणतील."

"मंग न्हाई घ्यायचं. उद्या तो दुसरीला ढकलील अन् म्हणील, हीबी तिच्यासारखीच अंगावर आल्ती."

दुसऱ्या दिवशी कंपनीसमोरच्या चहावाल्याचा फोन आला. "साहेब, भांडण कामाचं न्हाई, पाण्याचं हाय. शेडमधी जाऊन बघा. पण रंग चालू असताना जा."

मी गेलो. वीसेक बाया गुलाबी बियाण्यात हात घालून बसल्या होत्या. एकच उभी होती, तांब्या घेऊन. कुणी मान वर केली की ही तोंडात पाणी ओतायची. कुणाचा पदर घसरला की सावरायची, घाम पुसायची. ते हात तोंडाला लागले तर विष पोटात जाते, म्हणून बायांनीच ही पाळी लावली होती. रोज एकीचे हात कोरे. तिला त्या 'कोरी' म्हणत. हातमोजे? ते होते. कपाटात, कुलूप लावून.

हा मॅनेजर नवाच आलेला. भांडणाच्या दिवशी त्याला उभी असलेली कोरी रिकामटेकडी दिसली, असे बायांनी सांगितले. त्याने तिला बियाण्यात हात घालायला फर्मावले. आमची तक्रारदार मध्ये आडवी आली, "मंग आम्हाला पाणी तुम्ही पाजता का?" बाया हसल्या. ते हसणे त्याला लागले. पण त्या दिवशीच्या कोरीला मी पुढचे विचारले तेव्हा तिने मान खाली घातली. "मी न्हाई बघितलं साहेब. कंत्राटावर हाव आम्ही."

मी मॅनेजरला ठाण्यात बोलावले आणि शर्ट टेबलावर पसरला.

"दोन्ही हातांनी धरली कॉलर?"

"दोन्ही हातांनी. घट्ट."

"तेव्हा ती कशावर काम करत होती?"

"रंगावरच," तो म्हणाला आणि शर्टाकडे बघू लागला.

मी त्याला टेबलाची कड दाखवली. बोटे अजून तशीच होती.

"हात धुतले असतील तिने," तो पुटपुटला.

"आमचा अंमलदार काल दुपारपासून घासतोय. तुमचा शर्ट बघा. कोरा करकरीत."

शर्ट आपणच फाडल्याचे त्याने थोड्या वेळाने कबूल केले. पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही, शर्ट मात्र चालतो. मी टेबलाच्या कडेचाही पंचनामा केला.

त्याची तक्रार खोटी निघाल्याचे शेडपर्यंत पोहोचायला किती वेळ लागणार? सकाळी ठाण्याच्या दारात सगळ्या बाया उभ्या होत्या. सर्वांत पुढे ती मान खाली घालणारी.

"आज सुट्टी आहे का?" मी विचारले.

"न्हाई साहेब. आज आम्ही समद्याच कोऱ्या. आधी जबाब घ्या, मंग काम."

मागून कुणीतरी म्हणाली, "अन् त्या कपाटाची किल्लीबी मागून घ्या!"

एकेकीने ढकललेले पाहिल्याचे सांगितले. दोषारोपपत्र गेले, खटला सुरू आहे. कंपनीने बाईला काम नाकारले, तेव्हा ती माझ्या सांगण्यावरून कामगार अधिकाऱ्याकडे गेली आणि मनगट सांधल्यावर त्याच शेडमध्ये परतली. कोर्टाची एकही तारीख ती चुकवत नाही.

मी आयुष्यभर कायदा वापरला, पण तो कशासाठी असतो ते मला त्या शेडमध्ये कळले. कामात हात गुंतलेल्या माणसाला स्वतःचे पाणी स्वतः पिता येत नाही. तेवढ्यासाठी कुणीतरी हात कोरे ठेवून उभे राहावे लागते. त्या बायांनी ते काम पाळीने वाटून घेतले होते आणि ती पाळी वाचवायला एकीने हाड मोडून घेतले. पोलीस ठाण्याला सरकारने ही पाळी कायमची दिली आहे. दारात हात टेकून उभ्या राहिलेल्या माणसाला आधी पाणी द्या. टेबल नंतर पुसा.