चंद्रासाठी शटडाऊन

"साहेब, तुमच्या लाइटनं आमचा चंद्र खाल्ला न!"

वस्तीतल्या कमलबाईंनी दुधाच्या गंजाकडे, म्हणजे मोठ्या पातेल्याकडे, बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी कोजागिरी, म्हणून आदल्या संध्याकाळी तालीम चालली होती. गंजात दूध नव्हतं, पाणी होतं. मी डोकावलो. पाण्यात बारा पांढरे दिवे गोल करून बसले होते. चंद्र कुठेतरी बाजूला, पुसट, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. आता काय बोलणार? बाईचं म्हणणं खरंच होतं.

मी महापालिकेच्या विद्युत विभागात कनिष्ठ अभियंता. नागपुरातल्या आमच्या झोनमधले रस्त्यांवरचे दिवे माझ्याकडे. मैदानातला तो दिव्यांचा खांब मीच उभा करवून घेतला होता. आम्ही त्याला हाय मास्ट म्हणतो. उंच खांब, टोकावर लोखंडी रिंग, रिंगला बारा फिटिंग, म्हणजे दिवे. दुरुस्तीसाठी वर चढावं लागत नाही. बुंध्यातली विंच फिरवली की वायररोपवरून अख्खी रिंग खाली येते.

हे आमच्या नगरसेविका वंदनाताईंचं निवडून आल्यानंतरचं पहिलं काम. खांबालाच त्यांचा फ्लेक्स बांधलेला. वर 'झालेली कामे', त्यात हा दिवा. खाली 'आगामी कार्यक्रम': भुलाबाई व कोजागिरी, मग नेत्रतपासणी, मग रांगोळी स्पर्धा. भुलाबाई म्हणजे तिकडचा भोंडला असतो ना, तसंच काहीसं. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, त्यात मातीची भुलाबाई आणि भुलोजी, महिनाभर गाणी, आणि कोजागिरीला शेवट. आमच्या वस्तीत ते घराघरात आटत चाललं होतं. ताईंनी ठरवलं, या वर्षी सगळ्यांनी मैदानात यायचं.

"ताई, तासभर बंद करू का?" मी विचारलं.

"नाही भाऊ. मी शीतलच्या बाबाले शब्द देऊन बसली आहे."

शब्द कशाचा, ते मला ठाऊक होतं. शीतल खाजगी दवाखान्यात नर्स. सेकंड शिफ्ट करून आठनंतर सुटते, मेन रोडला बसमधून उतरते आणि मैदान ओलांडून घरी येते. मागच्या वर्षी इथे मिट्ट काळोख होता. दोघं मोटरसायकलवर तिच्या मागे लागले. पोरगी नाल्याच्या कडेने पळाली, पडली, हात मोडून घरी पोहोचली. तिचे वडील वासुदेवराव खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. त्यांनी सरळ सांगितलं, मैदानात अंधार तर नोकरी बंद. दिवा लागला म्हणून शीतल कामावर होती.

मी अर्धवट उपाय करून पाहिला. आठ दिवे विझवले, चार ठेवले. चंद्र थोडा वर आल्यासारखा वाटला, पण गंजात उतरेना. बारा काय नि चार काय, दिवा तो दिवाच.

"मीच जातो वासुदेवरावांकडे," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. एवढी वर्षं दिवे लावण्यात गेली. त्या गंजात चंद्र पाहावासा वाटला, एवढंच.

वासुदेवरावांनी ऐकून घेतलं. शीतल दारात उभी होती.

"साहेब, मी आयुष्यभर वीज बनवली, अन् माझ्याच पोरीच्या वाटेवर अंधार?"

"बाबा, एका दिवसाची गोष्ट आहे," शीतल हळूच म्हणाली.

"एका दिवसानंच हात मोडला होता न तुझा!"

तरी शीतल दारातून हलली नाही. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "मी स्टॉपवर टॉर्च घेऊन उभा राहीन. अन् काही इकडचं तिकडं झालं, तर परवापासून पोरगी घरी. तुमच्यासमोर सांगून राहिलो."

शीतलने मान खाली घातली. मला वाटलं, कशाला या भानगडीत पडलो!

आता माझ्या साहेबांची परवानगी. फोन लावला.

"चंद्र दिसत नाही म्हणून शटडाऊन? उद्या म्हणाल सूर्य दिसत नाही, झाडं तोडा."

"सर, पावसाळ्यानंतर फिटिंगमध्ये किडे भरलेत. रिंग उतरवून साफ करायचीच आहे."

"मग दिवसा करा ना."

"दिवसा मैदानात क्रिकेट असतं सर."

साहेब हसले. मग म्हणाले, "दुधाचा मसाला घरचा आहे की पाकिटाचा?"

"घरचा."

"या साफ करून. मलाही थोडं आणा."

कोजागिरीच्या संध्याकाळी सगळ्या बायांना खांबाभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर बसवलं आणि विंच सुरू केली. सप्लाय आधीच तोडला होता. रिंग हळूहळू खाली येऊ लागली. आणि काय सांगू राजा, मैदानच बदललं! कोणी निळसर चादर पसरावी तसा उजेड सगळीकडे निवांत पसरला. बोरीबाभळीच्या पातळ सावल्या पडल्या. माणसांचे चेहरे ओळखू येत होते, पण वय कळत नव्हतं. कमलबाई तर सासरी नुकत्याच आल्यासारख्या दिसत होत्या. माझा लाइनमन फिटिंगची काच उघडून बसला होता, तो किडे झाडायचंच विसरला. गाणी सुरू झाली. माझी आई असंच काहीतरी गायची. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि ड्युटीवर आहे हे खरोखर विसरलो.

तेवढ्यात फोन वाजला. वासुदेवराव.

"साहेब, बस येऊन गेली. शीतल नाही उतरली! दवाखान्यातून कधीचीच निघाली म्हणतात. फोन बंद येऊन राहिला. लाइट लावा! पहिले लाइट लावा!"

मी रिंगकडे धावलो. रिंग जमिनीवर, अर्ध्या काचा उघड्या. ती बंद करून वर चढवायची, मग केबल जोडायची. पाव तास तरी हवा. मी वंदनाताईंना सांगितलं. त्यांचा चेहरा चांदण्यातही उतरलेला दिसला. "पोट्टीची नोकरी घालवली मी," एवढंच बोलल्या आणि नाल्याच्या दिशेने धावल्या. वासुदेवराव टॉर्च हलवत मेन रोडकडून येत होते. "शीतल! शीतल!"

गाणं थांबलं. मैदान एकदम मोठं आणि रिकामं वाटायला लागलं.

"काहून थांबल्या वं?" कमलबाई ओरडल्या. "म्हणा न जोरानं! अंधारात पोरीले कसं समजंल आपण कुठं आहो ते?"

बायांनी पुन्हा सूर लावला. पहिल्यापेक्षा मोठ्याने, जरा बेसूरच. मी लाइनमनसोबत काचा बसवत होतो. वासुदेवराव रांगेजवळ पोहोचले, टॉर्च एकेका चेहऱ्यावरून फिरवू लागले आणि शेवटच्या रांगेत थांबले.

तिथे शीतल बसली होती; मागून येऊन कधी टेकली, पुढे बघून गाणाऱ्या बायांना कळलंच नव्हतं. पांढरा युनिफॉर्म, मांडीवर पर्स, टाळ्या वाजवत. वडिलांना पाहून दचकलीच.

"तू... तू कवा आली?"

"आताच. मिरवणुकीपायी बस अडकून राहिली होती, तर मैत्रिणीनं गाडीवर नाल्याच्या पुलाकडून सोडलं. फोनची बॅटरी गेली बाबा."

"पुलाकडून? नाल्याच्या कडेनं? एकटी?"

"हाव."

"भेव नाही वाटलं?"

"पहिले वाटलं. मंग गाणं ऐकू आलं. मधात गाणं बंद झालं न, तवाच जीव धडधडला. पुन्हा सुरू झालं, त्या आवाजावर चालत आली." तिने आजूबाजूला पाहिलं. "सगळ्या तर इथंच आहेत. कोणाले भिऊ?"

वासुदेवरावांनी टॉर्च बंद केला. तिच्या बाजूला, बायांच्या रांगेत, तसेच मांडी घालून बसले आणि डोळे पुसले. वंदनाताई नाल्याच्या दुसऱ्या टोकाकडून धापा टाकत आल्या आणि तिला पाहून रडायलाच लागल्या. कमलबाईंनी सगळ्यांच्या हातात दुधाचे पेले दिले. माझ्या पेल्यात चंद्र होता. नीट, अख्खा. मी प्यायच्या आधी बराच वेळ पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी रिंग वर गेली, दिवा लागला. कामाच्या नोंदीत 'फिटिंग साफसफाई' असं गेलं, आणि ती झालीही होती. शीतल सेकंड शिफ्ट करते आहे.

मला एक कळलं. दिव्याचं एस्टिमेट मी झोपेतही करून देईन. मैदानात माणसं बसवायची कशी, याचा रेट आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. ते काम वंदनाताईंचं, आणि त्यांनी ते पुढे चालू ठेवलं. आता बाया रोज संध्याकाळी तिथे चटया टाकून बसतात.

वासुदेवराव रोज आठच्या सुमारास फोन करतात. मला नाही, कमलबाईंना. दिव्याबद्दल अक्षरही विचारत नाहीत.

"बसल्या का वं तुम्ही मैदानात?" एवढंच विचारतात, आणि जेवायला बसतात.