सीची सुई आणि तिचं गोंदण

माझ्या वयाच्या कोणत्याही माणसाची बाही वर करून बघा. दंडावर देवीच्या लशीचे गोल डाग दिसतील. माझ्या दंडावर नाहीत. दोन्ही दंड कोरे. गावात कोणी सुईचा विषय काढला की मी बाही वर करून दाखवायचो, आणि बायको मागून म्हणायची, "अन् खिडकीचं बी सांगा जी."

खिडकीचं असं की देवी टोचणारा माणूस शाळेत आला तेव्हा मी पहिलीतून दुसरीत गेलो होतो. तो दाराशी टेबल मांडून बसला आणि सुई दिव्यावर धरून तापवू लागला. दार अडलेलं होतं, म्हणून मी खिडकीतून निघालो तो थेट नाल्यापलीकडे. मास्तरानं घरी निरोप पाठवला. मी गेलो नाही, नंतरही कधी गेलो नाही. तोवर जेवढी अक्षरं आली तेवढी शाळेची. बाकीची मी आलापल्लीच्या डेपोत सागाच्या लाकडांवर नंबर घालता घालता शिकलो आणि ती जास्त पक्की आहेत. लोक म्हणतात, घाबरला. मी घाबरलो नव्हतो. मला सुई आवडत नाही. कोणाला कारलं आवडत नाही, तसं.

कोरोनाची लस गावात आली तेव्हा ही रांगेत सगळ्यांच्या पुढे होती. मला नेमकं त्याच दिवशी रानात काम निघालं.

तर मागच्या हिवाळ्यात सरपण आणताना एक फाटा नडगीवर घासला. एवढंसं खरचटलं होतं. असल्या जखमांकडे आम्ही बघतही नाही. पण ती भरेना. वरून सुकायची, खालून ओली. मांड्यांवर निळे डाग उठले, कुठे आपटलो नसताना. चूळ भरली की पाणी लाल यायचं. दात तर केव्हाचेच गेले होते आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं तोंड आतून सोललं होतं, त्यामुळे आंबट-तिखट काही लागलं की आग व्हायची. ही वरणावर लिंबू पिळायची, मी ताट सरकवायचो. भात आणि वरणाचं पाणी. एवढ्यावर माझं बरं चाललं होतं, असं माझं मत होतं.

"दवाखान्यात चला," ही म्हणाली.

"कशाले? खपली येऊन राह्यली."

"खपली नाई, माशा येऊन राह्यल्या."

मी ऐकलं नाही. मग एकदा बोरिंगवरून येताना मध्येच मला बसावं लागलं आणि उठता येईना. ती कळशी खाली ठेवून माझ्याजवळ बसली. ती ओरडली असती तर मी भांडलो असतो. पण ती हळू बोलली.

"आयका. तुमाले काई झालं तं मी नागभीडले पोरीच्या सासूच्या हातची चाय पेत बसणार नाई. अन् इथी बी एकटी राह्यणार नाई. मंग मी काय करू, तेवढं सांगून ठेवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसलो.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण म्हणजे एक तरुण मुलगी होती, वरच्या मुलखातली. तिनं हिरड्या पाहिल्या, पायावरचे डाग दाबून पाहिले, रक्त तपासायला लावलं (बोटातून काढलं, ते मी धरत नाही) आणि विचारलं, "बाबा, जेवणात काय असतं?"

"भात."

"आणखी?"

"आणखी भात."

"तुमच्या अंगात सी राहिलेलं नाही, बाबा."

"स ला दुसरी वेलांटी, सी," मी म्हटलं. "मले येते ते."

ती हसली नाही, पण तिला ते जड गेलं. हे सी इंग्रजीतलं आहे, जीवनसत्त्व आहे, ती म्हणाली. लिंबात, पेरूत, आवळ्यात असतं. ते संपलं की जखम भरत नाही, कातडीखाली रक्त फुटतं, अंगात रोगाशी झुंजायची ताकद राहत नाही. तोंड इतकं सोललेलं आहे आणि पोटातही काही टिकत नाही, म्हणून सुरुवातीला सुईनं देऊ, मग गोळ्या. रोज यायचं, ती थांबा म्हणेपर्यंत. "आणि जखम अशीच राहिली तर चंद्रपूरला पाठवावं लागेल. पाय वाचवायचाय आपल्याला."

मी खिडकीकडे पाहिलं. तिला जाळी होती.

"जाळी हाय जी," ही म्हणाली. "शाळेवानी नाई."

सिस्टर आपल्याच भागातली होती. तिनं माझ्या कोपराच्या वर दोरी बांधली आणि सांगितलं, "बाबाजी, हे सुई शिरेतून हळूहळू द्यावं लागते. घाईनं देल्ली तं चक्कर येते. हात हालवू नका. अन् काऊन भेता? चंद्रपूरले पोरी हेच सुई पैसे देऊन घेतात, गोऱ्या व्हायले."

"बाप्पा!" ही म्हणाली. "मंग हे गोरे होऊन घरी आले तं गावात वळखन कोण? होते का खरंच?"

"मॅडम तं म्हणते, गोरं-बिरं काई नाई होत. जखम भरते, तेवढं खरं."

"तेवढंच भरू दे बाई. काळे चालतात मले. आतापर्यंत चालवलेच ना."

सुई समोर आली तसा माझा हात आपोआप मागे गेला. तेव्हा हिनं काय केलं, तर स्टूल ओढून माझ्यापुढे बसली आणि आपला हात माझ्या डोळ्यांसमोर धरला. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला हात.

"इकडे पाहा. हे काय हाय?"

"ठिपके."

"ठिपके म्हणते! नीट पाहा."

त्याच हातानं तिनं मला जन्मभर वाढलं आहे. पण गोंदण ही बायांची गोष्ट. आमच्याकडे पुरुष त्यातलं विचारत नाही आणि विचारलं तर बाया हसतात. मी नीट पाहिलं. दोन नांग्या होत्या, वर वळलेली शेपूट होती. "इच्चू?"

"इच्चू. मी पोट्टी होती, परकरात. गोंदणारी बाई माझा हात मांडीखाली दाबून बसली. मुठीत सुयाच सुया, अन् काजळ तेलात कालवलेलं. मी मेली मेली म्हणून बोंबलत होती. तं ते म्हणे, पोरी, आताच रडून घे, सासरी याच्यापेक्षा जास्त टोचतीन."

"मंग? टोचलं का?"

"तुमची माय होती ना."

"झालं बाबाजी," सिस्टर म्हणाली. तिनं कापूस दाबून माझा हात दुमडला होता. मला कळलंच नव्हतं.

मग तसंच सुरू झालं. रोज एसटीनं जायचं, सिस्टर सुई भरायची, ही पदर सावरून हात पुढे करायची, आणि एका सुईला हातावरची एक खूण. तुळस तिच्या आजीनं सांगून काढून घेतलेली. मासोळी गोंदली त्या दिवशी घरी खरंच मासोळीचं कालवण होतं, आणि सुजलेल्या हातामुळे तिला काटे काढता येईनात, तर तिच्या बापानं भरवलं. कोपराजवळ ठिपक्यांची एक ओळ आहे, तशीच तिच्या धाकट्या बहिणीच्या हातावर आहे. दोघी जत्रेत हरवल्या तर हात लावून बघू, असं ठरवून घेतलेली. ती गोष्ट अर्ध्यावर होती आणि सुई संपली.

"हरवल्या का मंग?" मी विचारलं.

"सुई झाली ना. उद्या."

दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर मी तिच्या आधी जाऊन उभा होतो. म्हणाली, "काय जी, सुईची सवय लागली का?" मी म्हटलं, वेळेवर जावं माणसानं.

एकदा मी तिला डेपोतलं सांगितलं. तिथे लाकडावर हातोड्यानं छाप मारतात, माल कुठला आहे ते कळावं म्हणून. तुझा हात तसाच आहे.

"मंग मी कोण्या डेपोचा माल?" तिचं माहेर जिवतीच्या पहाडातलं.

"पहाडावरचा."

"साग का सरपण?"

"साग," मी लगेच म्हटलं. सिस्टरला हसू आलं, तिला सुई धरलेला हात थांबवावा लागला. हिनं मान खाली घातली आणि तिचे कान लाल झालेले मला दिसले. इतक्या वर्षांत मी तिला असलं काही म्हटलं नव्हतं, आणि तेव्हाही म्हणायचं असं ठरवलं नव्हतं.

जखमेची कड आधी गुलाबी झाली, मग आत सरकू लागली. चुळीचं पाणी पांढरं येऊ लागलं. बोरिंगपर्यंत जाऊन न बसता परत आलो, तेव्हा ही दारात उभी राहून बघत होती आणि मी पाहिलं तशी आत गेली. शेवटी डॉक्टरणीनं जखमेवरून अंगठा फिरवला. वर नवी कातडी होती, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. "छान. सुई बंद. आता गोळ्या, फळं आणि आंबट. खर्रा नाही म्हणजे नाही."

मी उठलो नाही. हिच्या मनगटावर आतल्या बाजूला एक खूण राहिली होती, जी ती बांगड्यांखाली ठेवते. त्या खुणेचा नंबर उद्या होता.

"एक सुई अजून द्या," मी म्हटलं.

"गरज नाही, बाबा."

"गरज हाय."

डॉक्टरणीनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळली. "चला जी," ही म्हणाली, "लाज आणता तुमी."

थांब्यावर एक बाई टोपली घेऊन पेरू विकत बसली होती. हिनं त्यातला पिकलेला, मऊ पेरू निवडून घेतला, फोडला, अर्धा माझ्या हातात दिला. "हा खासान तं सांगीन."

खाल्ला. पहिल्या घासाला झोंबला, मग नाही. हिरड्यांनी खायला वेळ लागतो. ती थांबली. मग तिनं बांगड्या वर सरकवल्या. खाली एक फूल होतं. एका बाजूला पाकळ्या, दुसरी बाजू कोरी.

"हे असं काऊन?"

"पुरं नाई झालं." ती रस्त्याकडे पाहत होती. "ते बाई दम घ्यायले थांबली, तेवढ्यात मी हात सोडवला अन् पळाली. परसातून कुंपणावरून उडी मारून, थेट वावरात."

"पळाली?"

"पळाली."

"अन् मले जन्मभर खिडकी खिडकी करत होती?"

"तुमची खिडकी साऱ्या गावाले माहीत होती. माझं कुंपण कोणाले माहीत नोहोतं."

मी इतका हसलो की पेरूवाली बाईही हसू लागली, काही न समजता. ही हसली नाही. त्या अर्ध्या फुलावर बोट ठेवून म्हणाली, "माय म्हणे, मेल्यावर सारं इथीच राह्यते, गोंदण तेवढं संगं येते. अन् अर्धं घेऊन गेलं तं देवाच्या दारातूनच वापस धाडतात, पुरं करून ये म्हणून. म्हणून मी तं काई तुमच्या आधी जात नाई."

"अन् मी?"

"तुमचा तं दंडच कोरा. तुमाले घेते कोण?"

तिनं बांगड्या खाली केल्या. वळणावर एसटी दिसली. तिनं पिशवी उचलली, मला उठायला हात दिला.

"थांब," मी म्हटलं, "अजून एक पेरू घे."