दोरा दिसला का?

आमच्या संघाचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा प्रेक्षक सामना बघतच नसे. तो मैदानाकडे पाठ करून बसायचा. मुलींच्या बेसबॉलचा सामना, मैदान बजाजनगरच्या मागचं, आणि बॅटिंगच्या जागेमागे चेंडू अडवायला लोखंडी जाळी. त्या जाळीला पाठ टेकून, तोंड रस्त्याकडे करून, कंपनीच्या निळ्या शर्टातला एक माणूस ओरडत असे, "काढा तिला! बास झालं, काढा त्या पोरीला!" काढायचं ते आमच्याच पिचरला. ती कितीही छान टाकत असली तरी. नवख्या माणसाला वाटे, हा समोरच्या संघाचा असणार.

आम्ही मुली त्यांना पाठमोरे काका म्हणायचो. मी कॅचर होते. पिचरने टाकलेला चेंडू बॅटरच्या मागे उकिडवं बसून झेलायचा, हे माझं काम. म्हणजे जाळीच्या अलीकडे मी, मैदानाकडे तोंड करून. पलीकडे ते, रस्त्याकडे तोंड करून. जाळी इतकी जवळ की मध्ये पंच जेमतेम मावायचे. दोन वर्षं आम्ही असे पाठीला पाठ लावून बसलो.

पहिली शिफ्ट सुटली की वाळूजच्या बसमधून डब्याची पिशवी घेऊन जी मंडळी थेट मैदानावर उतरायची, त्यांचे काका म्होरके. त्यांचा खरा सण मे महिन्यात. उन्हाळी शिबिर संपलं की शहरातले क्लब लिंबाखाली बसून शिबिरातल्या मुली वाटून घ्यायचे. त्याला सगळे वाटणीच म्हणत. मागच्या हंगामात शेवटी आलेल्या क्लबला पहिली पाळी, मग त्याच्या वरचा, असं करत पुन्हा पहिल्यापासून. कोणाला घ्यावं यावर जाळीमागे महिनाभर आधीपासून भांडणं चालत. काकांचे अंदाज बहुतेक चुकायचे. एकदा एका मुलीसाठी त्यांनी रान उठवलं होतं, का तर तिच्या चपला मोठ्या होत्या. "पाय मोठा म्हंजी पोरगी आजून वाढनार." पोरगी वाढली नाही. चपला तिच्या आईच्या होत्या.

एका मुद्द्यावर मात्र ते कधी हटले नाहीत. पिचर दोन घ्या.

"दो पिचर लेके क्या करेंगे काका?" कोपऱ्यावरच्या गॅरेजवाले मामू विचारायचे. "रन कोण काढणार? वो लंबी लडकी लो. बॅट घुमाती तो बॉल सीधा वाळूज!"

"आन् पिचरचा हात गेला म्हंजी? तू टाकनार का गॅरेजातनं येऊन?"

मी शिबिरात होते त्या वर्षी पहिली पाळी आमच्या क्लबची होती. आमच्या प्रशिक्षक सरांनी अश्विनीला घेतलं. तिच्यासारखी पिचर शिबिरात दुसरी नव्हती. दुसऱ्या पाळीला त्यांनी मामूंना हवी असलेली लांबडी मुलगी घेतली, आणि उरलेली बरी पिचर दुसऱ्या क्लबकडे गेली. काका लिंबाच्या खोडावर हात आपटून निघून गेले. मी शेवटपर्यंत उन्हात रांगेत उभी होते. मला कोणी मागितलं नाही; उरले म्हणून आले. कॅचर कोण होणार, असं सरांनी विचारलं तेव्हा कोणीच पुढे आलं नाही, मीही नाही, तरी मास्क माझ्या डोक्यावर बसला. मास्क घातला की चेहरा झाकला जातो. त्या खेळातलं तेवढंच मला आवडलं.

बाकी सगळ्याची भीती वाटायची. ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठवड्याने पाणी यायचं, आणि आईची ताकीद होती, मैदानात पडायचं नाही, कपडे धुवायला पाणी नाही. पूर्वी सामन्याआधी मैदानावर टँकर फिरवायचे, ते बंद झालं होतं. जमीन भाजून निघालेली, जागोजागी भेगा. चेंडू पुढ्यात पडला की भेगेवरून गुडघ्यावर येईल, गळ्यावर येईल की तोंडावर, काही नेम नसे. शिवाय आजूबाजूचे प्लॉट विकले जात होते. दर थोड्या दिवसांनी चुन्याची एखादी नवी रेघ मैदानात आणखी आत आलेली दिसायची, आणि जाळी उचलून पुढे रोवावी लागायची. सामन्याच्या दिवशी शाळेत मला डबा उघडवत नसे.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी फारसं काही कोणाला सांगतच नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. शिबिरात उठाबशा मोजताना मी 'सत्तेचाळीस'ला अडखळले, तेव्हापासून माझं नाव कॉन्व्हेंट पडलं होतं. काका प्रत्येक चेंडूनंतर मागून विचारायचे, "काय झालं गं?" मी पंचांचा निकाल तेवढा सांगायचे, "बॉल." नाहीतर, "स्ट्राइक."

"आसं नगं. कुठनं आला, कुठं गेला, नीट सांग की."

मला नीट सांगता येत नसे. पण त्याचं कारण मराठी हे नव्हतं.

एका सरावाच्या संध्याकाळी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "पोरी, तू डोळं मिटतीस व्हय?"

सर समोर होते, अश्विनी रोज मला चेंडू टाकत होती, कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आणि हा माणूस तर माझ्याकडे बघतही नव्हता.

"चेंडू ग्लोव्हच्या खोबनीत बसला की थप्प वाजतंय. तुझं टक्क वाजतंय, तळव्याच्या हाडावर. तू न बघताच हात म्होरं करतीस."

"सरांना सांगू नका," मी म्हणाले.

"मी कशापायी सांगू? मला बी भ्या वाटतं की. म्हनून तर हिकडं तोंड करून बसलोय."

मोठ्या माणसाने भीती वाटते असं सरळ म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. माझे वडील अशा वेळी 'जरा टेन्शन आहे' म्हणत. काकांना कसली भीती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तेच पुढे म्हणाले, "आसं कर. मला तर काय दिसत नाय. माझ्यासाठी तू बघ. चेंडूवर शिवनीचा लाल दोरा आसतोय. त्यो दिसला का नाय, येवढंच सांग मला."

त्या दिवसापासून प्रत्येक चेंडूला मागून प्रश्न यायचा, "दोरा दिसला का?" अश्विनीचा चेंडू इतका गरगरत यायचा की दोरा दिसणं शक्यच नव्हतं, दिसायचा तो नुसता गुलाबीसर धुरकट गोळा. पण दिसला नाही हे खात्रीने सांगायला डोळे उघडे ठेवावे लागतात. "नाही दिसला, काका." "थप्प वाजलं पर," ते म्हणायचे. माझी भीती गेली असं नाही. ती आता उघड्या डोळ्यांनी वाटायची, एवढंच.

कधी कधी संध्याकाळी त्यांना घरी न्यायला त्यांची पुतणी यायची, सुनंदाताई. ती वाळूजला पॅकिंगच्या कामाला होती. गावाकडे काकांचे भाऊ मेंढरं राखायचे. चारापाणी संपल्यावर त्यांनी कळप विकला आणि मुलीला शिकायला काकांकडे पाठवलं होतं. ती हसताना नेहमी ओढणी तोंडावर धरायची. मैदानाकडे तीही फारशी बघत नसे. मला वाटायचं, लाजत असेल, माझ्यासारखी.

मामूंनी एकदा माझ्या सायकलच्या चाकात हवा भरता भरता सांगितलं. "वो सुनंदा है ना, इस मैदान की सबसे तेज पिचर थी बेटा." दोन वर्षांपूर्वीचा सामना. शेवटचा डाव. सुनंदाताई थकली होती, सर तिला काढायला निघालेही होते. तेव्हा काका जाळीला तोंड लावून उभे राहायचे. ते ओरडले, "आजून टाक! सुनंदे, आजून टाक!" सगळी मंडळी तेच ओरडायला लागली. सर थांबले. पुढचाच चेंडू बॅटवरून सरळ तिच्याकडे परत आला, आणि ग्लोव्हचा हात वेळेवर वर आला नाही. पुढचे दोन दात गेले. खेळही गेला.

मामूंनी पंप थांबवला. "चिल्लाये तो हम सब थे बेटा. बस, उनकी आवाज बडी है."

मागे बसलेल्या माणसाची भीती आता मला ऐकू येत होती.

पुढच्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. कापडी मांडवाखाली खुर्च्या टाकून निवड समितीची माणसं बसली होती. अश्विनीला त्यांनी बघावं, म्हणून अश्विनी जीव तोडून टाकत होती. तो सगळा हंगाम तिनेच टाकला होता, कारण दुसरी पिचर आमच्याकडे नव्हतीच. शेवटचा डाव. आम्ही एका रनने पुढे. त्यांच्या दोन मुली बेसवर, रन काढायला टपलेल्या, आणि फक्त एक आऊट बाकी.

तेव्हा मला दोरा दिसला.

आधी आनंद झाला. लाल टाके, एकाशेजारी एक, अगदी स्पष्ट. मग लक्षात आलं की चेंडू फिरतच नाहीये. अश्विनीचा कोपर खाली आला होता, आणि ती हात पुन्हा पुन्हा मांडीवर घासत होती.

"काका, दोरा दिसला."

पुढचा चेंडू आला.

"आता?"

"सगळा दिसला, काका. टाके मोजता येतील असा."

"काढा तिला!" काका ओरडले. "सर, काढा तिला!"

"ओ, आज तरी गप बसा!" मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. मामू म्हणाले, "काका, मनहूस बातां नको. एकच आऊट बाकी है." पलीकडे सरांनी मान वळवूनही पाहिलं नाही. हे वाक्य ते प्रत्येक सामन्यात ऐकत आले होते.

माझ्या मागे मातीत बूट घासल्याचा आवाज झाला. काका उठून वळले होते. त्यांचा आवाज जाळीतून माझ्या मानेवर आला, अगदी हळू. "माझं कुनी ऐकनार नाय. तू सांग."

मी उठले. खेळ थांबवायला 'टाइम' म्हणाले, ते पंचांनाही ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. मी अश्विनीपाशी गेले.

"तू कशाला आलीस?"

"तुझा हात गेलाय."

"गप गं कॉन्व्हेंट. ते लोक बघतायत मला." तिचे डोळे भरले होते. "एकच आऊट हवाय. जा ना, प्लीज."

मी वळून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "सर, अश्विनीला काढा."

सर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिचा कोपर हातात धरून पाहिला, आणि तिसऱ्या बेसजवळ चेंडू अडवायला उभ्या असलेल्या आमच्या वैशालीला बोलावलं. वैशाली कधीतरी सरावाला टाकायची. तिचा पहिलाच चेंडू त्यांच्या बॅटरने सरळ तिच्याच अंगावर परत मारला. तशीच ती रेषा, तोंडाच्या उंचीची. वैशालीने मातीत अंग झोकून दिलं. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला, पार चुन्याच्या रेघेपर्यंत. दोन रन. आम्ही हरलो.

वैशाली उठली, तोंडातली माती थुंकली. दात जागेवर होते. मी मागे वळले. काकांनी दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकवली होती आणि ते तिच्याकडे बघत होते, पापणी न हलवता. सामना चालू असताना त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मंडळी त्यांच्यावर धावून गेली. "तुम्ही वळलातच कशाला? तुमचीच नजर!"

"व्हय बाबा, माझीच," काका म्हणाले.

मी मास्क काढला. "सरांना मी सांगितलं. काकांनी नाही."

मग मामू म्हणाले, "अरे, कॉन्व्हेंट को आवाज भी है!" तरी कोणी हसलं नाही.

अश्विनी तो सगळा उन्हाळा माझ्याशी बोलली नाही. तिचा हात माझ्यामुळे वाचला, की तो तसाही ठीकच राहिला असता, मला माहीत नाही. पुढे ती राज्य संघात गेली. ती अजून म्हणते, तो एक आऊट मी सहज काढला असता. काढलाही असता. त्या मे महिन्यातल्या वाटणीत सरांनी पाठोपाठ दोन पिचर घेतल्या, आणि मामू कितीतरी दिवस फुगून बसले.

त्याच पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नसलेल्या पावसाळ्यात, काकांचं काम कंपनीने दुसऱ्या गावच्या कारखान्यात हलवलं. निघायच्या आधी ते सुनंदाताईला घेऊन मैदानावर आले. मी एकटीच होते, जाळीच्या खुंट्या ठोकत. सुनंदाताईने माझ्या पिशवीतला चेंडू उचलला, हातात फिरवला आणि म्हणाली, "एक टाकू का गं?"

"नगं, सुनंदे," काका म्हणाले, आणि लगेच जाळीमागे जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले.

पिशवीतला दुसरा ग्लोव्हही तिने घातला होता. ती हसली. एका हातात ग्लोव्ह, दुसऱ्यात चेंडू; ओढणी धरायला हातच मोकळा नव्हता. मी मास्क घालून बसले. तिने हात मागे नेला, आणि मग मला काही कळलं नाही. तळव्याच्या हाडावर टक्क वाजलं, आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या.

"दोरा दिसला का?" मागून प्रश्न आला.

"नाही, काका."

"डोळं मिटलंस व्हय?"

"हो."

"मंग लई जोरात आला आसंल," काका म्हणाले. मग ते न ओरडता, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "सुनंदे, आजून एक टाक."

माझ्या मागे मातीत बूट घासल्याचा आवाज झाला. मी मास्क नीट केला आणि डोळे उघडे ठेवले.