गोड्या मसाल्याचा खुलासा

ब्लॉग लिहिण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तो कुणी वाचत नाही. मी वर्षभर या फायद्यावर मजेत जगत होते.

नारायण पेठेत आमचं घर आणि हडपसरला माझी कंपनी. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्या व्यवस्थित लिहून काढायच्या आणि ज्याच्या त्याला पाठवायच्या. सुनेच्या नोकरीसाठी याहून चांगलं शिक्षण नाही. कंपनीत चुका सापडल्या की शाबासकी मिळायची, घरी सापडल्या तर जेवताना शांतता मिळायची. तेव्हा घरच्या चुका मी ब्लॉगवर लिहू लागले. नवरा दूध उतू जाताना वर्तमानपत्राचं पान कसं उलटतो, पाहुणे दुपारी झोपून नेमके चारच्या चहाला कसे उठतात, असं काहीबाही. तेव्हा मराठीत ब्लॉग लिहिणं नवं होतं. बऱ्याच लोकांच्या संगणकावर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या संगणकावर चौकोन दिसत असत. माझी सुरक्षा त्या चौकोनांवर उभी होती.

आता मसाल्याचं. सासूबाईंचा गोडा मसाला आमच्या घराण्यात कुलदैवताच्या खालोखाल मानला जातो. दर वर्षी त्याच्या बाटल्या भरल्या जायच्या, त्यावर सासूबाई स्वतःच्या अक्षरात 'घरचा' असं लिहायच्या आणि नातेवाईक त्या प्रसादासारख्या घेऊन जायचे. माझ्या मोठ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, येताना पर्समध्ये रिकामी बाटली घेऊनच यायच्या. 'हिच्यासारखा मसाला विकत मिळत नाही,' हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा ऐकलं आणि पुढे दर सणाला ऐकत आले. ते माझ्याकडे बघून म्हटलं जातं, हेही माझ्या लक्षात आलं होतं.

एका शनिवारी बुधवार पेठेतून संगणकाचा माऊस घेऊन परत येताना मी घराजवळच्या मसाल्याच्या दुकानात पापड घ्यायला थांबले. दुकानदाराने पापड बांधून दिले आणि आतून एक जड पिशवी आणून काउंटरवर ठेवली.

"हे काय?"

"तुमचा गोडा मसाला. आजींनी सांगितलेला. घेऊन जा, त्यांना परत यायला लावू नका. गुडघे दुखतात त्यांचे."

"आमच्याकडे मसाला घरी करतात."

"बरं," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी पिशवी घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. संध्याकाळपर्यंत ती तिथून नाहीशी झाली होती. दोन दिवसांनी बाटल्या भरून ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर 'घरचा'. आता तुम्हीच सांगा, जिला चुका शोधायचा पगार मिळतो तिने हे पाहून गप्प बसायचं? मी लिहिलं. अगदी रंगवून लिहिलं. पिशवी पदराखाली कशी येत असेल, ती रिकामी करताना दाराची कडी कशी लागत असेल, सगळं. आजवर मी एवढं चांगलं काही लिहिलं नव्हतं, असं मला वाटलं.

आणि नेमकं तेच वाचलं गेलं.

वन्सांचे यजमान बँकेतून निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाने काहीतरी शिकावं म्हणून ते संगणकाच्या वर्गाला जाऊ लागले आणि तिथल्या बाईंनी त्यांना चौकोन घालवायची युक्ती शिकवली. वर्षभर ज्या माणसाने माझ्या लेखनाची चौकशी केली नव्हती, त्याने एका बैठकीत सगळा ब्लॉग वाचला. वाचून थांबला असता तर तो पुण्याचा कसला? मसाल्याचा लेख त्यांनी मोठ्या टाइपात छापला, लाल शाईने त्यातलं शुद्धलेखन सुधारलं आणि गणपती बसायच्या आधीच्या रविवारी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आमच्या घरी आणला. मला कौतुकाने देण्यासाठी. दार सासूबाईंनी उघडलं.

त्यांनी चष्मा लावून लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. फोल्डर बंद केला.

"छपाई छान आली आहे," म्हणाल्या.

मग आत गेल्या, पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन खुर्चीत बसल्या. "गौरी जेवायच्या दिवशीचा स्वयंपाक यंदा लेखिकाबाई करतील. मी काही आता त्या ओट्यापाशी जाणार नाही."

वन्सांचे यजमान चहा न घेता गेले. बॉम्ब टाकून चहा न पिता जाणाऱ्या माणसाला मी अजून क्षमा केलेली नाही.

गौरी जेवतात त्या दिवशी आमच्याकडे सगळं गणगोत जमतं. पुरणपोळी, कटाची आमटी, भाज्या, कोशिंबिरी, आणि या सगळ्याच्या मध्यभागी सासूबाई. मला पुरण वाटता येतं, पण माझी पोळी तव्यावर गेली की नकाशा होते. पण खरी भीती स्वयंपाकाची नव्हती. त्या दिवशी सासूबाई बाहेर खुर्चीत बसल्या असत्या, आणि त्या का बसल्या आहेत हे सगळ्यांना कळलं असतं. आयुष्यभर जिच्या हाताला सगळे दाद देत आले, ती बाई स्वतःच्याच पंगतीत परकी झाली असती. हे दिसत होतं मला. दिसत असूनही राग मलाच येत होता, कारण वर्षभर मी लिहीत होते तेव्हा हे सगळे वाचक कुठे होते?

घरात अबोला सुरू झाला. आमचा अबोला नवऱ्याच्या मार्फत चालायचा.

"लेखिकाबाईंना विचार, डाळ भिजवायची आठवण आहे का."

"आई विचारते आहे, डाळ..."

"ऐकलं मी."

"मग मला मध्ये का घेता?" नवरा म्हणायचा आणि बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालायचा. त्या आठवड्यात आमची तुळस बुडाली.

शेवटी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आई, मी तो लेख काढून टाकते. एक बटण दाबलं की जातो."

"लिहिलेलं काढता येईल. वाचलेलं कसं काढणार आपण?"

त्यांनी मला 'आपण' म्हटलं की समजायचं, प्रकरण वरच्या कोर्टात गेलं आहे.

"मग काय करू?"

"काढू नका. खुलासा छापा."

हे फक्त आमच्याच पेठेत होऊ शकतं. सासूबाई वर्तमानपत्रातला वाचकांचा पत्रव्यवहार अग्रलेखाच्या आधी वाचतात. कचऱ्यावर, पाण्यावर, लाउडस्पीकरवर त्यांची स्वतःची पत्रंही छापून आली आहेत. त्यांच्या हिशेबाने ज्याच्याविषयी काही छापलं गेलं, त्याचा खुलासा त्याच जागी, तेवढ्याच ठसठशीत अक्षरात छापलाच पाहिजे. "आणि एक शब्द बदलायचा नाही. संपादकांनी माझी पत्रं कापली आहेत. तुम्ही कापायची नाहीत."

मी संगणकासमोर बसले. त्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि कोर्टात जबानी द्यावी तसं सांगू लागल्या.

"लिहा. खुलासा. या जागी आमच्या घरच्या मसाल्याविषयी जो मजकूर आला आहे, तो खरा आहे."

मी वळून पाहिलं.

"लिहा ना. मसाला काही वर्षांपासून विकतचा आहे. धणे आणि मिरच्या भाजताना मला दम लागतो. डॉक्टरांनी भाजणं बंद करायला सांगितलं. घरात मी ते सांगितलं नाही, कारण घरात कुणी विचारलं नाही."

माझी बोटं थांबली. पूर्वी किती उन्हाळे त्यांनी मिरच्या भाजल्या, तिखट उडतंय म्हणून मी कंपनीत पळाले, आणि दाराला आतून कडी का लागते यावर मी विनोद केला होता.

"थांबू नका, मी विसरेन. पुढे लिहा. मसाला विकतचा झाल्यापासून एकालाही फरक कळलेला नाही. उलट यंदा जास्त छान जमला आहे, असं दर वर्षी सांगण्यात येतं. तसंच याच जागेवर, लेखिका पहाटे पाचला उठून घर सांभाळतात, असं वाचनात आलं. पहाटे पाचला मी उठते. लेखिका कंपनीच्या बसचा दुसरा हॉर्न झाल्यावर उठतात. कळावे."

"आई, हे शेवटचं..."

"तुम्ही खरं लिहिता ना? मग खरंच लिहा."

नवरा दारात उभा होता. तो इतका हसला की पाण्याची झारी त्याच्या हातातून पडली. मी एक शब्द न बदलता ते प्रसिद्ध केलं.

गौरी जेवायच्या दिवशी मी खरोखर पहाटे पाचला उठले. ओट्यापाशी दिवा लागलेला होता आणि पुरण शिजत होतं. "आलीस? नारळ खवून घे," सासूबाई म्हणाल्या. 'आपण' गेलं होतं. वादावर त्या एवढंच बोलल्या.

पंगत बसली. वन्सांच्या यजमानांनी खुलासाही छापून आणला होता. लाल शाईची एकही खूण त्यावर नव्हती. "एक चूक नाही," ते मला म्हणाले. मी त्यांच्या पानात मुद्दाम एकच पोळी वाढली.

आमटीची वाटी आली तसा सगळ्यांचा आवाज खाली गेला. वाचलं सगळ्यांनी होतं. एकेकाने आमटी प्यायली, एकेकाने परत मागितली, आणि 'विकत मिळत नाही' हे वाक्य मात्र त्या दिवशी कुणीच म्हटलं नाही. सासूबाई वाढत होत्या. वाढताना त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या, हे मी पाहिलं.

निघताना वन्सं दाराशी घुटमळल्या. पर्समध्ये हात घातला, रिकामी बाटली अर्धी बाहेर काढली, परत आत ठेवली.

"आई, दुकान कुठलं ते सांग ना. जाता जाता मीच घेईन. तुला कशाला त्रास?"

"तू घेतलास तर तो विकतचा मसाला," सासूबाई म्हणाल्या. "ठेव बाटली इथे."

वन्सांनी बाटली ठेवली. आईच्या खांद्यावर हात ठेवून त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग निघून गेल्या.

हल्ली ती जड पिशवी दुकानातून मी आणते, राजरोस, हातात धरून. बाटल्या सासूबाई भरतात. 'घरचा' हा शब्दही त्याच लिहितात, मला लिहू देत नाहीत, माझं अक्षर वाईट आहे म्हणून. ब्लॉगचं म्हणाल तर त्या खुलाशाखाली जेवढे अभिप्राय आले, तेवढे माझ्या वर्षभराच्या लेखांखाली मिळून आले नव्हते. त्यातल्या एका बाईंनी मला मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं की आजींचं लेखन फार आवडलं, त्यांनाच लिहू द्यावं, आपण मध्ये मध्ये लिहिलं नाही तरी चालेल. सासूबाईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.